बाहीतलं पीठ

सकाळचे नऊ वाजून गेले तरी गिरणीसमोर चारच डबे होते.

वर्षाराणीने ते दोनदा मोजले. चार डबे मोजायला दोनदा काय लागतं, पण मोजले. एक शेजारच्या सुताराचा, एक अंगणवाडीच्या बाईंचा, एक चुलतसासऱ्यांचा. चौथा कोणाचा ते आठवेना म्हणून तिने झाकण उघडून पाहिलं, तर तो घरचाच निघाला. सासूबाईंनी रात्री ज्वारी निवडून ठेवली होती.

दिवाळी होऊन पाच दिवस झाले होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे हे दिवस. पाटोद्यापासून नऊ किलोमीटरवरच्या या गावातून दर साली नवराबायकोच्या तीसपस्तीस जोड्या कारखान्याकडे जायच्या. जाताना पंधरावीस दिवसांचं पीठ, भरडलेली डाळ, पुढच्या सहा महिन्यांचं तिखट, काळा मसाला, सगळं करून न्यायच्या. ते सगळं प्रविणच्या गिरणीवर व्हायचं. त्या पंधरा दिवसांत जे मिळेल त्यावर पुढचे सहा महिने काढायचे, कारण टोळ्या गेल्या की गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरायची. हे गणित वर्षाराणीला लग्न होऊन आली त्याच वर्षी कळलं होतं. ती बीडला बीकॉम झालेली. गणित तिला पटकन कळायचं.

यंदा ती गणित मांडायलाच घाबरत होती.

"येतील गं," प्रविण म्हणाला. तो जात्याचा दगड टाकवत, म्हणजे छिन्नीने खडबडीत करत, बसला होता; काम नसलं की दगडच टाकवायचा. "अजून टोळ्या भरायच्यात."

"शनिवारी पहिली गाडी आहे. आज मंगळवार."

"मग तीन दिवस हायत की."

चौदा महिन्यांची ईश्वरी तिच्या कडेवर होती आणि कानातलं ओढत होती. वर्षाराणीने तिचा हात सोडवला आणि रस्त्याकडे पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. फाट्याकडे जाणारी पिवळी रिक्षा येत होती. टपावर दोरीने बांधलेले सहा डबे. आवाज तर ओळखीचा, भरलेल्या डब्यांचा; रिकाम्या डब्याचा आवाज वेगळा असतो. त्यातला निळ्या झाकणाचा डबा दहा वर्षं इथेच दळायला येणाऱ्या दगडाबाईंचा होता.

प्रविणनेही पाहिला असणार. त्याने मान खाली घालून छिन्नी उचलली.

---

सुरुवात श्रावणात झाली होती. विजेचं बिल आलं ते पाहून प्रविण म्हणाला, "आता किलोमागे पाचाचे सहा करावे लागतील." त्यावर रुक्मिणीबाई, त्याची आई, म्हणाल्या, "फाट्यावरचा गिरणीवाला पाचच घेतो. तू सहा लिव्हलं की समदं गाव तिकडं पळंल." दोघांचंही खरं होतं. मग वर्षाराणीने तोंड उघडलं. तेव्हाचं ते बोलणं तिला आता शब्दन् शब्द आठवायचं.

"भावाची पाटी तशीच राहू द्या. दळण झाल्यावर तुम्ही बाही झटकता ना? ती झटकू नका."

जात्याच्या तोंडाला कापडाची लांब बाही बांधलेली असते, पीठ तिच्यातून डब्यात पडतं. दळण संपलं की गिरणीवाला बाहीवर दोनचार थापा मारतो, मग आत चिकटलेलं पीठ खाली येतं. अर्धा किलोच्या आतबाहेर. प्रविण ते न चुकता करायचा. त्याच्या वडिलांनीच शिकवलेलं.

"घेत तर काहीच नाही आपण," ती म्हणाली होती. "राहिलं ते राहिलं. दहा किलोत अर्धा किलो कोणाच्या लक्षात येतं? कोणाच्या घरी काटा आहे?"

प्रविण म्हणाला, "बघू." बघू म्हणजे हो. माणूस निघून गेला की तो बाही झटकायचा आणि ते पीठ कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. गहू, ज्वारी, बाजरी सगळं एकत्र. महिन्याला ते पाटोद्याचा एक गोठेवाला म्हशींसाठी घेऊन जायचा. विजेच्या बिलातला वाढलेला आकडा त्यातून निघत होता. पाटीवर पाचच होते आणि लोक खूश होते, असं तिला वाटत होतं. कधीकधी प्रविण विसरायचा आणि गिऱ्हाईक उभं असतानाच हात सवयीने बाहीवर जायचा. मग तो हात मधेच थांबवायचा. ते दिसलं की वर्षाराणी नजर दुसरीकडे वळवायची.

दसऱ्यापासून डबे कमी झाले. आधी दगडाबाईंचा दिसेना. माहेरी गेल्या असतील. मग शेजारच्या दोघींचे. पितरपाटामुळे जास्तीचं दळलं असेल आधीच. मग आख्ख्या खालच्या आळीचे. त्याला काय कारण शोधायचं तिला सुचेना. कोणी भांडायला आलं नाही, कोणी एक शब्द बोललं नाही, हीच मोठी भीती होती. भांडायला आलं असतं तर समजावता आलं असतं.

---

दुपारी अर्जुनराव मुकादम आला. टोळी भरणारा माणूस, गावात कोणाच्या दारात कधी जायचं हे त्याला बरोबर कळायचं.

"काय प्रविणशेठ, गिरणी गार दिसती यंदा."

"चालू हाय की."

"चालू हाय, पर आवाज न्हाई." तो स्वतःच हसला. बाजेवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एक जोडी कमी पडलीय मला. दुसरं कुनी आसतं तर ईचारलं नसतं. तुझा बाप गिरणी टाकायच्या आदी माझ्याच टोळीत होता. उचल आगाऊ रोख देतो, शुक्रवारी सांजच्याला."

"मला गिरणी हाय मुकादम."

"गिरणी कुठं पळती? कुलूप लाव." मग वर्षाराणीकडे न बघता म्हणाला, "लेकरू ल्हान हाय म्हनशील. तिथं समद्यांचीच ल्हान आसत्यात. साडीची झोळी बांदली की झालं."

प्रविण छिन्नीची धार बोटाने बघत राहिला. नाही म्हणाला नाही, हे वर्षाराणीने ऐकलं.

रुक्मिणीबाई आत भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबला होता. प्रविणच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. पौषातल्या थंडीत, उसाच्या फडाशेजारच्या खोपीत ती गेली. हे त्यांनी वर्षाराणीला एकदाच सांगितलं होतं, असंच भांडी घासताना, आणि सांगून झाल्यावर म्हणाल्या होत्या, "ती कढई दे इकडं."

मुकादम गेला. वर्षाराणीने ईश्वरीचं कपाळ पाहिलं. गरम नव्हतं. पुन्हा पाहिलं.

"मी दगडामावशींकडे जाऊन येते," ती म्हणाली.

"कशाला?" प्रविण म्हणाला.

"विचारायला."

"काय ईचारनार? आपल्याला ठाव न्हाई का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्यालाही हेच वाटत होतं, आणि तीन आठवडे दोघंही एकमेकांना पितरपाटाची कारणं देत होते.

---

दगडाबाईंनी ईश्वरीला चाळीस दिवस न्हाऊ घातलं होतं. पायांवर आडवी घेऊन, तेल जिरवून, शेकून. त्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त एक लुगडं घेतलं. म्हणून वर्षाराणी दारात आली तशी ईश्वरीने स्वतःहून हात पुढे केले आणि दगडाबाईंनी तिला घेतलं. त्यात काही बदल झाला नव्हता. वर्षाराणीला थोडा धीर आला.

घरात बांधाबांध चालली होती. दगडाबाई, त्यांचा नवरा शहादेव, मुलगा आणि सून उज्ज्वला, दोन जोड्या शनिवारच्या गाडीने जाणार होत्या. उज्ज्वला चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा परातीत बघितलं.

"ये बाई. बस. च्या टाकू का?" दगडाबाई म्हणाल्या.

"नको मावशी. तुमचा डबा दिसला नाही बरेच दिवस."

"फाट्याला गेलता."

"तिथं स्वस्त आहे का?"

"न्हाई. त्यानं सहा केलेत गनपतीपासून. अन रिक्षाचे येगळे."

वर्षाराणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मग कशाला जाता मावशी? आपली इथं पाच रुपयात..."

परातीवरचा थापण्याचा आवाज थांबला. दगडाबाईंनी ईश्वरीच्या केसांवरून हात फिरवला, जणू उत्तर त्या केसांत कुठेतरी होतं.

"माझा डबा ऐतवारी सांजच्याला सरतो," त्या म्हणाल्या. "धा वर्सं झाली, सोमवारी उघडायचा, ऐतवारी सांजच्याला तळ. राखीपुनवंनंतर सकाळीच तळ लागाया लागला. सांजच्या भाकरी कमी. आधी म्हनलं मान्सं जादा खाया लागली. मालकाला ईचारलं, रानात चतकोर जादा नेता का वं? ते चिडले. मंग म्हनलं सून जाड थापती."

"तीन हप्ते बोलणी खाल्ली मी," उज्ज्वला म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. "जाड थापतीस. कुत्र्याला घालतीस. माहेरी धाडतीस का काय. माझ्या आईला फोन करून सांगितलं यांनी. मी भाकर पातळ थापून थापून हाताला फोड आनला, तरी ऐतवार काय पुरंना."

दगडाबाई खाली बघत होत्या.

"मंग एक दिस मीच डबा घेऊन रेशनच्या दुकानात गेले," उज्ज्वला म्हणाली. "जाताना काट्यावर ठिवला, येताना ठिवला. दुसऱ्या हप्त्याला बी तसंच. अर्धा किलोला फरक. दोन्ही डाव."

 वर्षाराणीने श्रावणात हा हिशेब मोबाईलवर केला होता तेव्हा त्यात उज्ज्वला नव्हती. कोणाच्या घरी काटा आहे, एवढंच विचारलं होतं.

"मग तुम्ही आला का नाहीत मावशी? मला सांगायचं."

"कावून सांगू? सांगितलं की भांडान. तुझ्या लेकराला न्हाऊ घातलंय मी, तुझ्याशी कुठं भांडू? डबा उचलला अन गेले दुसरीकडं." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, आवाज मऊ करून, "प्रविण तसा न्हाई गं. त्याचा बाप बी तसा नव्हता. बाही झटकायची इसरला आसंल पोरगा. दगदगीत हुतंय."

हे दार उघडं होतं. वर्षाराणीला ते स्पष्ट दिसलं. हो मावशी, विसरतात हल्ली, बिलाचं टेन्शन आहे, एवढं म्हटलं की झालं. प्रविण वेंधळा ठरला असता, चोर नाही. मावशी दोन डबे पाठवतील, मग खालची आळी, आणि शनिवारच्या आत निदान एक टोळीचं दळण. मुकादमाला नाही म्हणता येईल. ती ते बोलणारच होती. शब्द ओठांवर आले होते.

उज्ज्वला तिच्याकडे बघत होती. पिठाचे हात मांडीवर, डोळे न हलवता. तिच्याच वयाची.

"विसरले नाहीत," वर्षाराणी म्हणाली. "मी सांगितलं होतं. झटकू नका म्हणून. त्यांच्या मनात नव्हतं."

चुलीवरची भाकरी करपली तरी कोणी उलटली नाही.

"बघा," उज्ज्वला शेवटी म्हणाली, "शिकल्याली बाई. अर्ध्या अर्ध्या किलोत डिग्री वसूल करत होती."

"उज्ज्वले," दगडाबाई म्हणाल्या.

"आता बी मलाच गप करा." तिने भाकरी ओढून बाजूला टाकली. "सहा रुपये मागायचे होते ना? दोन शिव्या दिल्या आसत्या आमी, अन दिले आसते. फाट्याला देतोच की."

"माफ कर मला," वर्षाराणी म्हणाली.

"मला एकटीला कशाला? मला जाड थापतीस म्हनून समद्या आळीनं ऐकलं. उद्या नळाला पानी येणार हाय. तितं सांग."

---

प्रविणला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला.

"येडी झालीस का? नळावर? समद्या गावात चोर म्हनून हिंडू का मी? जाऊ की मंग कारखान्याला, तितं तरी कुनी ओळखनार न्हाई!"

"तुमचं नाव नाही घेणार मी. माझंच घेईन."

"माझं न घेता कसं घेशील? बाही कोनाच्या हातात आसती?"

ईश्वरी रडायला लागली. रुक्मिणीबाईंनी तिला उचललं, खांद्यावर टाकलं आणि दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"बोलू दे तिला," त्या म्हणाल्या. "मान खाली घालून इथं ऱ्हायलं तरी वर पत्रा आसतो. खोपीत मान वर करून काय मिळतंय?"

प्रविण बाहेर निघून गेला. नाही मात्र म्हणाला नाही.

नळाला पाणी चार दिवसांनी एकदा येतं, त्यामुळे बुधवारी सकाळी खालच्या आळीत एकही बाई घरात नव्हती. हंडे, कॅन, बादल्या, पाइप. वर्षाराणी रिकामी घागर घेऊन गेली, कारण नुसते हात घेऊन जायचा धीर नव्हता. काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं होतं. तिथे गेल्यावर त्यातलं एकही वाक्य राहिलं नाही. ती म्हणाली की श्रावणापासून दर डब्यामागे अर्धा किलो पीठ बाहीत ठेवून घेतलं, म्हशींसाठी विकलं, सांगणारी मी, आणि उज्ज्वलाच्या भाकरी जाड नव्हत्या. शेवटचं सगळ्यात आधी म्हणायचं होतं, ते शेवटी आलं.

पाण्याचा आवाज चालू होता. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

"म्हनूनच म्हनलं, माझं पीठ कुठं जातंय!"

"अगं मी तर माझ्या नंदेवर आळ घेतला."

"म्हशीला घातलं म्हनं. म्हशी तर गुबगुबीत झाल्या आसतील."

"बाई, आमच्या घरच्याला दम दिला मी, चोरून ईकतोस का म्हनून!"

कोणीतरी हसलं, कोणीतरी शिवी दिली. एकीने हंडा पुढे सरकवताना तो मुद्दाम वर्षाराणीच्या पायावर घासला. तिने पाय मागे घेतला नाही. उज्ज्वला नळाखाली हात धुत होती, बराच वेळ धुत होती. एकदाच तिने वर बघितलं आणि आपल्या सासूकडे बघितलं. दगडाबाई पदराने तोंड पुसत होत्या. घाम असेल.

"पाटीवर आजपासून सहा आहेत," वर्षाराणी म्हणाली. "आणि काटा आणलाय. धान्य मोजून घेणार, पीठ मोजून देणार. दळताना शंभरेक ग्रॅम उडतं, तेवढं कमी येईल. त्याहून कमी आलं तर पैसे देऊ नका."

"उडतं का उडवता?" कोणीतरी मागून म्हटलं, आणि पुन्हा हसू झालं.

काटा अजून आणला नव्हता. ती तिथून थेट पाटोद्याच्या रिक्षात बसली. सोबत कानातले होते, ते तिथे सोनाराकडे राहिले. काटा मांडीवर घेऊन आली.

---

गुरुवारी कोणी आलं नाही. अंगणवाडीच्या बाई आल्या, पण त्या मंगळवारी ठेवलेला डबा न्यायला. प्रविण दारात बसून होता. दगड टाकवायचाही राहिला नव्हता. दर थोड्या वेळाने वर्षाराणी काट्यावरचं फडकं काढायची, धूळ पुसायची, पुन्हा झाकायची. पाटीवरचे सहा तिला दिवसभर मोठे मोठे होत गेल्यासारखे वाटले. पाचच ठेवायला हवे होते का? गुन्हा कबूल केला त्याच दिवशी भाव कोण वाढवतं? पण बिल तर तेच होतं. पाच ठेवले असते तर पुन्हा बाहीकडेच बघावं लागलं असतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला दोन बाया पोतं घेऊन आल्या. मग तिघी. दुपारपर्यंत नऊ. डबा टेकवून कोणी शेतात गेली नाही. सगळ्या उभ्या राहिल्या, जात्यापासून हातभर अंतरावर, आणि प्रविणने बाहीवर थाप मारली की एकजण म्हणायची, "आनखी मार." तो मारायचा. पीठ येईनासं झालं तरी मारायचा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दगडाबाई चारच्या सुमाराला आल्या. हातात डबा नव्हता. त्यांचं सगळं दळण फाट्यावरून आधीच होऊन आलं होतं. त्यांनी ईश्वरीला घेतलं, तिच्या टाळूवर फुंकर मारली, तिला परत दिलं.

"ऊन लागतंय पोरीला. आत घे," म्हणाल्या.

"मावशी, वैशाखात आल्यावर..."

"येऊ दे तर आदी सुखानं माघारी," त्या म्हणाल्या आणि गेल्या. वर्षाराणीला त्यातून काहीच काढता आलं नाही. तिने काढायचा खूप प्रयत्न केला.

ऊन कलताना मुकादमाची जीप आली. तो खाली उतरला नाही. खिडकीतून रांगेकडे बघितलं, पाटीकडे बघितलं.

"मंग प्रविणशेठ? पैसे आनलेत."

प्रविणने जातं बंद केलं नाही. त्या आवाजातच तो दारापर्यंत आला. वर्षाराणीला त्याची फक्त पाठ दिसत होती, पिठाने पांढरी झालेली.

"यंदा न्हाई मुकादम."

"नऊ डब्यांवर सहा महिने काढनार?"

"बघू."

"गाव रिकामं झाल्यावर संक्रांतीला मला फोन करशील."

"करीन," प्रविण म्हणाला. "करावा लागला तर करीन."

जीप वळली. वर्षाराणी ती दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. आतून रुक्मिणीबाईंनी ईश्वरीला हाक मारली आणि पोर हसत, अडखळत, भिंतीला धरून त्यांच्याकडे गेली.

"अगं ए," काट्यापुढे उभी असलेली बाई म्हणाली. उज्ज्वला होती ती. घरचं दळण नव्हतं, शेजारणीचा डबा घेऊन आली होती, कारण शेजारणीला काटा वाचता येत नव्हता. "मुकादमाकडं काय बगतीस? हे बग. किती आलं?"

"चौदा किलो नऊशे."

"दिलं किती होतं?"

"पंधरा."

उज्ज्वला वाकली, स्वतः आकडा बघितला. मग डबा उचलून खाली ठेवला, काटा शून्यावर येईपर्यंत थांबली आणि डबा पुन्हा वर ठेवला.

"आता वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं. मागच्यास्नी ऐकू जाऊ दे."

वर्षाराणीने आवाज चढवून वाचलं.